पाण्यात पाहणारे काका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, की त्यांच्या घरी 'पाणी घेणार का?' हा प्रश्न साधा नसतो. इतर घरांत पाहुण्यापुढे पाणी येतं, इथे आधी त्याची वंशावळ येते. कुठल्या धरणातून निघालं, वाटेत कोणाकोणाला भेटलं, त्यातून काय काढलं, काय परत घातलं, हे सगळं ऐकून होईपर्यंत पाहुण्याची तहान तरी मरते नाही तर पाहुणा तरी. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे पद ज्यांच्याकडे आहे, त्यांना सगळे पाठीमागे 'शुद्धोदक' म्हणतात. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी 'शुद्धोदकस्नानं समर्पयामि' म्हणाले आणि काकांनी मागून विचारलं, "हे टाकीचं, की डायरेक्ट लाइनचं?" तेव्हापासून.

काका बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीत पाचशेची नोट उजेडाला धरून बघायची सवय होती, आता पेला धरतात. सदऱ्याच्या खिशात पूर्वी दोन पेनं असायची, तिथे आता टीडीएस मीटर असतो. बोटाएवढ्या जाडीची प्लॅस्टिकची कांडी, खाली धातूची दोन टोकं, वर आकडा दिसायला इवलीशी खिडकी. टोपण काढायचं, कांडी पाण्यात धरायची, बटण दाबायचं. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या या वस्तूने माणसाच्या अंगी जो अधिकार येतो, तो नगरसेवक होऊनही येत नाही.

कोणाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला, की काका आधी यजमानीणबाईंकडे बघून मंद हसतात. मग हात खिशाकडे जातो. "तुमच्यावर अविश्वास नाही हं, वहिनी. सवय." वहिनी ट्रे तसाच धरून उभ्या. घरातली बाकीची माणसंही बोलायची थांबतात. कांडी पेल्यात जाते, आकडे वरखाली होतात, स्थिरावतात. "एकशे दहा," काका जाहीर करतात, "चालेल." वहिनींचा जीव भांड्यात पडतो. मग काका पिशवीतून स्वतःची बाटली काढतात आणि तिच्यातलं पाणी पितात. चालेल म्हणजे तुम्हाला चालेल.

लग्नसमारंभात तर त्यांच्याबरोबर जाऊच नये. सगळे मंगलाष्टकांना अक्षता टाकत असतात, तेव्हा काका जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात निळ्या जारभोवती फिरत असतात. जारवर लेबल आहे का, लेबलवर आयएसआयची खूण आहे का, खुणेच्या वर १४५४३ हा आकडा आहे का. बाटलीबंद पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक या क्रमांकाचं आहे आणि नैसर्गिक मिनरल वॉटरचं १३४२८, हे त्यांना जावयांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ आहे. लेबल नसलं की ते केटररच्या पोराला गाठतात. पोरगं बिचारं जिलबीचं ताट घेऊन चाललेलं असतं. "हे पाणी कुठून भरता?" "मागून, काका." यापेक्षा खरं उत्तर कोणी देऊ शकत नाही. एका भाचीला तर त्यांनी आहेरात मीटरच दिला. संसार सुखाचा चालला आहे, त्यावरून तो तिने अजून सासरी उघडलेला नसावा.

आणि हाच माणूस संध्याकाळी पाणीपुरीच्या गाडीपाशी वाकून उभा असतो. मडक्यात कोपरापर्यंत हात घालून भय्या पुरी बुडवतो आहे, काका 'तिखा जादा' म्हणताहेत आणि मीटर खिशात गप्प. मी एकदा न राहवून खिशाकडे बोट दाखवलं. काकांनी तोंडातली पुरी संपवली, रुमालाने ओठ टिपले आणि शांतपणे म्हणाले, "त्यात मीठमसाला असतो. रीडिंग बरोबर येत नाही." हे शास्त्राला धरून आहे, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. रसवंतीगृहातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हेही ते विचारत नाहीत. देवळात तीर्थ हातावर घेऊन पितात आणि ओला हात डोक्यावरून फिरवतात. संशयाला सुद्धा वेळापत्रक लागतं. चोवीस तास संशय घ्यायचा म्हटला, तर माणूस तहानेनेच जायचा.

काकांच्या स्वयंपाकघरात ओट्यावरची भिंत पूर्वी मसाल्याच्या डब्यांची होती. आता तिथे आरओ आहे. त्यात गाळ अडवणारा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, मग मेंब्रेन, मग अतिनील किरणांचा दिवा आणि शेवटी खनिजं परत घालणारी कांडी. आधी पाण्यातलं सगळं काढून घ्यायचं आणि मग थोडं थोडं परत द्यायचं, असा हा सरकारी खाक्याचा कारभार. एक पेला शुद्ध होताना दोन-तीन पेले पाणी नळीवाटे बाहेर जातं. त्याखाली काकू बादली लावतात आणि त्यावर फरशी, गॅलरी, झाडं असं सगळं उरकतात.

मुद्दा असा, की कोथरूडला येतं ते खडकवासल्याच्या धरणसाखळीचं पाणी. ते वारज्याच्या नाही तर पर्वतीच्या केंद्रात तुरटीने निवळतं, वाळूतून गाळलं जातं आणि क्लोरीन मिसळून पुढे निघतं. मुळातच गोडं. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजेच टीडीएसची, चांगली मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आमच्या नळाचा आकडा पाचशेच्या आसपासही फिरकत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितलं होतं, की ५०० च्या आतलं पाणी असेल तिथे आरओला बंदी घाला. काकांना हे माहीत आहे. "ते सामान्य लोकांसाठी," ते म्हणतात आणि आरओखाली मीटर धरतात. "अठरा!"

"अठरा म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी झालं," काकू आतून म्हणतात. "तेच पाजतात मला. एक दिवस लाइट गेले की मीच पेटेन."

काकूंना पाण्याची भीती नाही असं नाही, पण त्यांची भीती जुनी आणि अनुभवाची आहे. त्यांच्या आजोळी नारू होता. पायाच्या फोडातून हातभर लांब किडा बाहेर यायचा आणि तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. काकूंच्या आजीने हे घरात बघितलेलं. नारूची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटात असते आणि तो किडा कापडात अडकतो, एवढंच ज्ञान पुढे घरोघर पोचवलं गेलं. विहिरींत औषधं टाकली, पायविहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, लोकांना पाणी गाळायला लावलं. १९९६ नंतर देशात नारूचा रोगी सापडला नाही आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. ती जुन्या लुगड्याचा तुकडा चौपदरी करून हंड्याच्या तोंडाला बांधायची. काका या फडक्याला हसतात. पण बांगलादेशात रिटा कोलवेल यांच्या चमूने जुन्या सुती साडीच्या घडीतून पाणी गाळायला बायकांना शिकवलं आणि २००३ साली जाहीर केलं, की त्या गावांत कॉलऱ्याचे रोगी जवळपास निम्म्यावर आले. त्यातही साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि भोकं बारीक होतात. ही बातमी मी काकूंना सांगितली, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी आमच्याकडे अळूवडी पाठवली.

शुद्धोदकांना सोसायटीत प्रतिस्पर्धी आहेत. बी विंगेत एक अल्कलाइनवाले आहेत. त्यांच्या यंत्रातून नऊ पीएचचं पाणी येतं आणि त्याने शरीरातलं आम्ल मरतं असा त्यांचा दावा आहे. पोटातला जठररस या पाण्याचं काय करतो, हे त्यांना कोणी सांगायला जात नाही. यंत्राचे हप्ते अजून फिटायचे आहेत. सी विंगेत तांब्याचे पुरस्कर्ते आहेत. त्यांचं म्हणणं निराधार नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात. मात्र तो तांब्या चिंचेने घासायचं काम त्यांच्या सुनेकडे आहे, त्यामुळे पुरस्कार सासऱ्यांचा आणि झीज सुनेची. हे तिघं सकाळी बागेत एका बाकावर बसतात. तिघांच्या हातात तीन बाटल्या. कोणी कोणाची उचलत नाही.

२०२५ च्या जानेवारीत मात्र कोणी काकांना हसलं नाही. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघू लागले. धडधाकट माणसाच्या पायांतलं बळ दोन दिवसांत जायचं. काहींना व्हेंटिलेटर लागला, काही गेले. आकडा दोनशेच्या वर चढला. काही रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. आमच्या भागात रुग्ण नव्हते, पण भीतीला पेठ-उपनगर कळत नाही. त्या आठवड्यात काकांच्या दारात रांग लागली. हातात बाटल्या, तांबे, एकीच्या हातात तर बाळाची दुधाची बाटली. अल्कलाइनवालेसुद्धा रांगेत होते. त्यांनी टोपी पुढे ओढली होती एवढंच.

काका टेबल टाकून बसले. एकेक भांडं पुढे यायचं, कांडी आत जायची. "एकशे पाच. उत्तम." "अठ्ठ्याण्णव. निश्चिंत राहा." "एकशे वीस. काही काळजी नको." माणसं हलक्या पावलांनी घरी जायची. ज्याने कधी काकांना नमस्कार केला नव्हता, त्याने वाकून केला. मला वाटतं, काकांच्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते आणि सोसायटीच्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे. कारण त्या कांडीला फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते कळतं. क्षार जास्त तर वीज जास्त, त्यावरून ती क्षारांचा अंदाज बांधते. जंतूंशी तिचा काडीचाही संबंध नाही.

हे उघड केलं शेजारच्या आठवीतल्या पोराने. तो रांगेच्या बाजूला उभा राहून बघत होता. "काका, यात जंतू दिसतात?" त्याने विचारलं. "आकडा कमी म्हणजे जंतू कमी," काका म्हणाले. पोराने मान डोलावली, घरी गेला आणि दोन पेले घेऊन आला. पहिल्यात मीटर धरायला सांगितलं. एकशे चार. मग खिशातून साखरेची पुडी काढून चार चमचे त्या पेल्यात घातले, ढवळले. पाणी पाकासारखं दिसायला लागलं. एकशे चार. काकांनी मीटर झटकला, पुसला, पुन्हा धरला. आकडा जवळपास तिथेच. दुसऱ्या पेल्यात पोराने चिमूटभर मीठ टाकलं आणि आकडा हजाराच्या पुढे पळाला. "साखर विद्युतवाहक नाही, काका. आमच्या पुस्तकात आहे." रांग शांत झाली. पोरगं तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. "डासाच्या अळ्या आणू का? आमच्या कुंडीच्या ताटलीत आहेत."

त्याला त्याच्या आईने ओढत घरी नेलं. रांगही हळूहळू पांगली. पण काकांच्या मनात तो साखरेचा पेला राहिला असावा, कारण पुढचे काही दिवस ते बागेत आले नाहीत.

काकांचं मूळ गाव बार्शीच्या बाजूला. चैत्रातल्या जत्रेला ते दरवर्षी जातात आणि त्या वर्षी मलाही घेऊन गेले. जाताना गाडीच्या डिकीत वीस लिटरचे दोन जार. त्यांचे वडील प्रवासाला फिरकीचा तांब्या न्यायचे, यांच्या पिढीत त्याचं एवढं झालं. भावाच्या वाड्यात पोचल्या पोचल्या वहिनींनी पाणी आणलं. कांडी आत गेली. "नऊशे चाळीस!" काका खुर्चीतून उठलेच. पाण्याला ब्लीचिंगचा वासही होता. "हे पाणी माणसं पितात?"

"पितात की. आमी काय मेलोय का?" भाऊ म्हणाला.

वेशीजवळ पाण्याची उंच टाकी आहे आणि तिच्या पायथ्याशी मरीआईचं देऊळ. काकांचे आजोबा सांगायचे, पटकीची साथ आली की मरीआईला गाड्यात बसवून वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचे. तिथली माणसं रातोरात तो गाडा आणखी पुढे ढकलायची. आता त्याच टाकीशी गावचा जलसुरक्षक बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवत बसला होता. पांढरी पावडर पाण्यात घोटायची, चुन्यासारखा गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी टाकीत सोडायची आणि अर्धा तास वाट बघायची. मग सगळ्यांत लांबच्या घराच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे, म्हणजे ओटीचे, थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचलं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे. तो मन लावून करत होता. कपाळावर घाम, मनगटापर्यंत पांढरं.

"वास येतो पाण्याला," काकांनी तक्रार केली.

"येतोय म्हणूनच चांगलं हाय, काका. वास गेला की मग भ्यायचं." त्याने वर बघितलंही नाही.

तिथेच एक ताई पाण्याचे नमुने घेत होत्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणीचं किट वापरायला शिकवतात, त्यांतल्या त्या. काकांनी मीटर काढून दाखवला. ताईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि आदराने परत दिला. "हे क्षाराचं झालं, काका. आमच्या पाण्यात क्षार हाईतच, बोअर हाय ना. पण हगवण लावणारं काय आसंल ते ह्यात न्हाई कळत. ह्याच्यात कळतं." त्यांनी एक छोटी बाटली पुढे केली. तळाशी वाळलेलं पिवळट औषध. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, दीड-दोन दिवसांत बघायचं. विष्ठेतले जंतू असले तर पाणी काळं पडतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही साधी तपासणी मांडली आणि आज खेड्यांतल्या बायकांच्या पिशवीत ती असते. ताईंनी आदल्या दिवशीची बाटली दाखवली. पाणी पिवळसर, तसंच. नऊशे चाळीसवालं पाणी पास झालं होतं.

काकांनी एक कोरी बाटली मागून घेतली. "घरी बघतो," म्हणाले. त्यांना पास होण्याची खात्री होती. अठराला कोण नापास करणार?

पुण्याला आल्यावर त्यांनी बाटली भरली आणि ऊब हवी म्हणून काकूंच्या दह्याच्या भांड्याशेजारी कपाटात ठेवली. काकूंनी दही दुसरीकडे हलवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी कपाट उघडलं आणि तसंच बंद केलं. पुन्हा उघडलं. बाटली काळी होती. जराशी नव्हे, डांबरासारखी काळी.

आधी त्यांनी बाटलीत दोष काढला. मग ताईंच्या शिक्षणात. मग गाडीच्या डिकीतल्या उकाड्यात. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून नव्या बाटल्या आणि ओटीची शिशी आणली. नवी बाटलीही काळी. तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना पिंपापाशी नेलं. आरओचं पाणी काका आधी स्टीलच्या पिंपात साठवत आणि मग आखूड दांड्याच्या ओगराळ्याने काढत. ओगराळं तळाला जायचं तेव्हा हात मनगटापर्यंत पाण्यात. पिंप घासलेलं कधी, तर आठवत नाही. शुद्ध पाण्याचं भांडं घासायचं कशाला, असं काकांचंच म्हणणं होतं. कोळशाच्या फिल्टरने क्लोरीन आधीच काढून टाकलेलं. त्यामुळे एकदा बाहेर आलेल्या त्या पाण्याला राखणदार कोणी नव्हता. पाणी गुणाचं, पण हात आमचे.

दुसरा कोणी असता तर पिंप घासून गप्प बसला असता. काका शुद्धोदक होते. त्यांनी ओटीची शिशी घेऊन सोसायटी पालथी घातली. वॉचमनच्या खोलीबाहेरचा नळ थेट महापालिकेच्या लाइनवर आहे. तिथे थेंब टाकले तर पाणी झकास पिवळं. तळमजल्याच्या टाकीनंतर फिकट. गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या नळांना काहीच नाही. म्हणजे पर्वती-वारज्याहून निघालेलं क्लोरीन आमच्या फाटकापर्यंत सुखरूप यायचं आणि आमच्याच टाकीतला गाळ ते खाऊन टाकायचा. त्यानंतर रोज सकाळी काका बाटली घेऊन वॉचमनच्या नळावर दिसू लागले. वॉचमन बिहारचा, सभ्य माणूस. त्याने कधी विचारलं नाही, की साहब, आपके यहाँ पानी नहीं आता क्या?

मग वार्षिक सभा आली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर सेक्रेटरी. टाकी धुण्याचा विषय निघाला. घरटी दोनशे रुपये. सगळ्यांच्या भिंतीवर पंधरा-वीस हजारांचं यंत्र आहे, पण दोनशे म्हटल्यावर सभेच्या तोंडचं पाणी पळालं. "ज्याला शुद्ध पाहिजे त्याने आपापल्या घरी करून घ्यावं," अल्कलाइनवाले म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

काका उठले. खिशातून काळी बाटली काढून त्यांनी वर धरली. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली ती फार वाईट दिसत होती.

"हे आपल्या सोसायटीतलं पाणी आहे."

"कुठल्या फ्लॅटचं?" सेक्रेटरींनी पेन उचललं.

काका थांबले. "ए विंगेतलं आहे. नाव सांगणं योग्य होणार नाही."

"मी सांगते," मागच्या रांगेतून काकू म्हणाल्या.

पुढचं मी लिहीत नाही, कारण काका हे वाचणार आहेत. विषय पुढच्या सभेत घ्यावा असं ठरलं. त्याआधीच्या सभेतही तसंच ठरलं होतं. मरीआईचा गाडा गावातून नाहीसा झाला म्हणतात, तो आमच्याकडे इतिवृत्तात जिवंत आहे.

त्यानंतरच्या रविवारी काका वॉचमनला घेऊन गच्चीवर गेले. टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघत असताना सदऱ्याच्या खिशातला मीटर टाकीत पडला. निदान त्यांनी तसं सांगितलं. काकूंचं म्हणणं वेगळं. बँकेतल्या उभ्या नोकरीत या माणसाच्या खिशातून कधी पेन पडलं नाही. ते काही असो, मीटर काढणं भाग होतं. सोसायटीच्या पाण्यात बॅटरीचा सेल पडलाय म्हटल्यावर सगळे एकदम स्वच्छतावादी झाले. टाकी उपसली. पाणी पार्किंगमधून रस्त्यावर वाहिलं. तळाशी चार बोटं गाळ, कबुतराची पिसं, एक रबरी चेंडू आणि कोणाची तरी चप्पल निघाली. चपलेवर कोणी हक्क सांगितला नाही. माणसं लावून टाकी घासली, ब्लीचिंगने धुतली. खर्च सेक्रेटरींनी 'हरवलेली वस्तू शोधणे' या सदरात टाकला. त्यामुळे घरटी वर्गणीचा प्रश्न आला नाही आणि काकांनी निम्मा खर्च आपल्या खिशातून भरला.

मीटर गाळात रुतलेला सापडला. वॉचमनने तो चिखलाच्या बादलीतच आणून दिला. वर आलेली सगळी मंडळी कडेने उभी होती, ते आठवीतलं पोरगंही. काकांनी कांडी सदऱ्याला पुसली, बटण दाबलं. खिडकीत उजेड आला. त्यांनी सवयीने ती त्याच बादलीतल्या चहाच्या रंगाच्या पाण्यात धरली.

"एकशे बारा," काका म्हणाले. "उत्तम."